त्रास : निल

“गाठ लिव्हरमध्येच सुरू झालेली आहे. एक मोठी आहे आणि तिच्या आजूबाजूला लहान लहान आहेत. ऑपरेशन आता होण्यासारखं नाही.” डॉक्टरीणबाई हे हिंदीत आणि अगदी सावकाश बोलल्या. त्यांच्या टेबलावर आमच्या ह्यांच्या अल्ट्रासाउंडचे काळे कागद पसरले होते. मी त्या कागदांकडे बघत पहिला प्रश्न विचारला तो असा : “मॅडम, फिर इनकी कॅटेगरी क्या हो जायेगी?”

कॅटेगरी म्हणजे काय ते सांगायला हवं. माझे यजमान हवाई दलात वॉरंट ऑफिसर होते, मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनियर. उडणाऱ्या प्रत्येकाची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते आणि त्यावरून तो उडायला योग्य की नाही हे ठरतं. कॅटेगरी खाली आली की माणूस जमिनीवर. आमच्यात त्याला ‘ग्राउंड होणं’ म्हणतात. आमच्या घरात त्या शब्दाची भीती कुठल्याही आजारापेक्षा मोठी होती.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, मला कळलंच नाही. त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं. ‘हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा’, म्हणजे यकृताच्या पेशींचाच कर्करोग. दुसरीकडून पसरत आलेला नाही, तिथेच उगवलेला. मला पहिल्याच वेळी कळलं होतं. पण तोंडातून निघायचं ते निघून गेलं होतं आणि बाजूच्या खुर्चीवर बसलेले हे मान हलवत होते, जणू मी अगदी रास्त प्रश्न विचारला आहे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले, चंदिगडला बदलीवर होतो. हे सगळं आज लिहिते आहे ते घरात आजारी माणूस असलेल्यांसाठी. नवऱ्याची सेवा केली म्हणून माझं नातेवाइकांत फार कौतुक झालं, अजूनही कुणी ना कुणी करतं. त्या वेळी मी चहा टाकायच्या निमित्ताने उठून आत जाते. का जाते, ते या लिखाणात आहे.

खरं तर दुखणं आधीच्या दिवाळीपासून होतं. उजव्या बाजूला बरगडीखाली जड जड वाटायचं. भूक मेली होती. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं. वजन उतरत होतं आणि पट्ट्याला नवी भोकं लागत होती. ती भोकं मीच पाडली, दाभण तापवून. बऱ्याच वर्षांपूर्वी आसामात असताना त्यांना मोठी कावीळ झाली होती. काविळीचा एक प्रकार आत दबा धरून बसतो आणि पुढे यकृतावर उठतो, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं.

वार्षिक तपासणी जवळ आली होती. एअरक्रूच्या घरांत तपासणीआधी काय काय चालतं ते एअरक्रूच्या बायकांनाच ठाऊक. सर्दी झाली तर वाफ घेऊन नाक मोकळं करून पाठवायचं. कणकण असली तर सकाळीच गोळी द्यायची. एमओने, म्हणजे युनिटच्या डॉक्टरने, विचारलं की सांगायचं, काही नाही, एकदम फिट. हे मी वीस वर्षं करत आले होते आणि त्यात मी पटाईत होते. त्या वर्षी मी त्यांना आठ दिवस केळी आणि दूध भरवलं, वजनाच्या काट्यावर बरं दिसावं म्हणून. ते तपासणीत पास झाले. त्या दिवशी मी शिरा केला.

अडीच महिन्यांनी लेहहून परत आल्यावर विमानाच्या शिडीवरच ते खाली बसले. मग मात्र कुणाचं काही चाललं नाही. लष्कराच्या इस्पितळाने दोन दिवसांत त्यांना शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवलं. रक्तात ‘अल्फा-फीटोप्रोटीन’ नावाची एक तपासणी झाली. यकृताचा कॅन्सर असला की बहुतेकदा हा आकडा चढतो. आमचा भरमसाट चढलेला होता. मग सुई घालून तुकडा काढला, आणि मग ते टेबल, ते काळे कागद आणि माझा प्रश्न.

डॉक्टरीणबाईंचं नाव देत नाही. चाळिशीच्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, बोलताना समोरच्याकडे सरळ बघणाऱ्या. त्यांनी आम्हाला आठवडाभराने पुन्हा बोलावलं आणि एक गोष्ट पुढे ठेवली. त्यांच्या विभागात एक ‘कॉम्बिनेशन ट्रायल’ सुरू होत होती. दोन वेगवेगळी औषधं एकत्र देऊन बघायचं. दोन्ही औषधं सुटी सुटी माहितीतली होती. एकट्या औषधाने या कॅन्सरवर फारसं काही होत नाही हेही माहीत होतं. पण दोन्ही एकत्र दिली तर माणसाच्या अंगाला किती सोसतील, हे कळायचं होतं.

“पहिल्या तीन पेशंटना कमी मात्रा देणार. त्यांना सोसली तर पुढच्या तिघांना थोडी जास्त. मग त्यापुढच्या तिघांना आणखी थोडी.” याला ‘डोस एस्कलेशन’ म्हणतात, म्हणजे एकेक पायरी चढत मात्रा वाढवणं. “आप पहले तीन में होंगे. यातून तुम्हालाच फायदा होईल असं मी सांगत नाही. जे कळेल ते तुमच्या मागून येणाऱ्यांना उपयोगी पडेल. विचार करा, नाही म्हटलंत तरी तुमची बाकीची काळजी आम्ही घेऊच.”

याहून स्पष्ट कुणी काय सांगणार? पण मी त्यातलं ऐकलं एवढंच, की नवीन औषध आहे आणि आम्ही पहिल्या तिघांत आहोत. जणू नंबर लागला. मागून येणारे वगैरे शब्द कानांवरून गेले. ह्यांनी फॉर्मवर सही केली ती लॉगबुकवर करायचे तशी, खाली तारखेसकट.

मग माझ्या हातात एक वही आली. जाड पुठ्ठ्याची, आत छापील रकाने. ताप, मळमळ, उलट्या, जुलाब, तोंड येणं, जेवण. रोज संध्याकाळी भरायची आणि तीन आठवड्यांनी पुढच्या औषधाला येताना आणायची. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून सगळं समजावलं. “जो हो, वही लिखिए. अच्छा मत लिखिए, सही लिखिए. फार त्रास झाला तर आम्ही मात्रा कमी करू किंवा थोडे दिवस थांबू.”

कमी करू. थांबू. हे शब्द मात्र मी नीट ऐकले.

पहिलं औषध लाल रंगाचं होतं, शिरेतून जायचं. दुसरं पाण्यासारखं, पाच दिवस सलाइनमधून. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली. तसं होणार हे सांगितलेलं होतं, तरी मी धावत जाऊन नर्सला बोलावून आणलं. पाच दिवसांनी घरी आलो. सहाव्या दिवसापासून तोंड यायला लागलं.

‘म्युकोसायटिस’ म्हणतात त्याला. तोंडापासून आतड्यापर्यंतचं आतलं नाजूक अस्तर सोलवटून निघतं. ओठांच्या आत, जिभेखाली, घशात पांढरे फोड. त्यांना पाणी गिळता येत नव्हतं. वरणाचं निवळ पाणी थंड करून चमच्याने द्यायची तर डोळ्यांतून धारा लागायच्या. त्यातच जुलाब. एका दिवशी सहा, दुसऱ्या दिवशी आठ. एका संध्याकाळी अंगात एकशे एक ताप भरला.

मी वही उघडली तेव्हा ते पलंगावरून बघत होते. फोडांमुळे बोलता येत नव्हतं, तरी बोलले. “निल लिही.”

“अहो, पण त्यांनी खरं लिहा म्हणून सांगितलंय.”

“सुमन, ग्राउंड करतील. निल लिही.”

त्यांच्या नोकरीत सगळी रिटर्न्स, म्हणजे वर पाठवायचे अहवाल, अशीच भरली जायची. काही बिघाड नसला की निल. मी रकान्यांत निल लिहिलं. तापाच्या रकान्यात अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, त्यामुळे पान छान दिसत होतं.

आमची मीनल तेव्हा नववीत होती. तिचा जन्म बेळगावचा असला तरी शिक्षण सगळं उत्तरेत, मराठी समजायची पण बोलायची हिंदी. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं. “आई, पापा को तो आठ बार हुआ. आपने निल क्यों लिखा?”

“तू तुझा अभ्यास कर,” मी म्हटलं. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दर आठवड्याला रक्त तपासायला इस्पितळात जावं लागायचं. दहशतवादाचे ते दिवस कसे होते हे पंजाबात राहिलेल्यांना सांगायला नको. चौकाचौकांत वाळूच्या पोत्यांमागे बंदूकधारी जवान. मुलांच्या शाळेच्या बसमध्ये रायफलवाला. इस्पितळाच्या फाटकात झडती. एकदा शिपायाने माझा डबा उघडून मऊ भातात काठी घालून पाहिली. मी चिडून म्हटलं, “भैया, भातच आहे, बॉम्ब नाही,” तर तो ओशाळून म्हणाला, “माताजी, ड्युटी है.” दुसऱ्या डब्यात मी कणेरी आणली होती ती त्याने उघडली नाही, वासच घेतला.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या, पण चालण्याइतक्या होत्या. तेवढंच यंत्राला कळत होतं. तीन आठवडे भरेपर्यंत तोंडाचे फोड वाळून गेले. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीने घसा पाहिला, वही पाहिली, आणि त्यांचा चेहरा खुलला. “बहुत अच्छा. आपको तो कुछ हुआ ही नहीं.” हे हसले. मीही हसले.

दुसऱ्या खेपेला त्रास दुप्पट झाला. या वेळी ह्यांनी मला काही सांगितलं नाही. सांगण्याची ताकदच नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. पहिल्या वेळचं पाप मी त्यांच्या नावावर टाकलंही असतं, पण दुसऱ्या वेळचं सगळं माझं एकटीचं आहे. एकवीस दिवसांचे रकाने मी एकटीने निल भरले. एखाद्या दिवशी संशय येऊ नये म्हणून ‘थोडी मळमळ’ असंही लिहिलं. म्हणजे बघा, खोट्यालाही मी फोडणी दिली होती.

बलबीर कौर मला याच सुमारास भेटल्या. बटाल्यापलीकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या. पन्नाशीच्या असाव्यात. त्यांचे यजमान करनैल सिंग, उंचेपुरे शेतकरी. तोच आजार, पोट फुगलेलं आणि हातपाय काटक्या. अंधार पडला की तिकडच्या बस बंद होत, म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशीच निघून गुरुद्वाऱ्याच्या सराईत उतरायचे. पहिल्या दिवशी बाकावर त्या माझ्या शेजारी बसल्या तेव्हा मी पर्स मांडीवर घेतली. एअर फोर्स स्टेशनात आम्हाला सूचना होत्या, अनोळखी माणसांशी बोलू नका, कुठे राहता ते सांगू नका. त्यांनी ते पाहिलं असणार. तरी पिशवीतून एक कापडात बांधलेला गुळाचा खडा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

मग प्रत्येक वेळी आम्ही एकाच बाकावर बसू लागलो. त्यांची पंजाबी मला निम्मी कळायची, माझी हिंदी त्यांना निम्मी. पण जुलाबाला काय द्यायचं, पायाची सूज कशी उतरते, नवरा चिडला की काय करायचं, याला भाषा फारशी लागत नाही. त्यांच्या घरी धाकटा दीर होता, त्याच्याच हातात सगळं. तो सोबत यायचा आणि खांबाला टेकून उभा राहायचा. करनैल सिंगांचं ट्रायलमध्ये नाव होतं, दुसऱ्या तिघांत. पहिल्या तिघांचं काय होतंय यावर त्यांचं औषध अडलं होतं.

तिसऱ्या खेपेच्या दिवशी डॉक्टरीणबाई आम्हा सगळ्यांसमोरच म्हणाल्या, “पहिल्या तिघांना मात्रा चांगली सोसली आहे. आता आपण वरची पायरी घेऊ.” आणि माझ्याकडे वळून, “इनकी डायरी सबसे अच्छी है.”

मला तेव्हा बोलता आलं असतं. करनैल सिंग पाच हातांवर बसले होते, पांढरी पगडी, गुडघ्यावर दोन्ही हात. मी बोलले असते तर ह्यांची तिसरी खेप कमी झाली असती किंवा थांबली असती. मी पदर सावरला आणि फरशीकडे बघत राहिले. बलबीर कौरनी माझा हात दाबला. माझ्या नवऱ्याला सोसलं म्हणजे त्यांच्याही नवऱ्याला सोसेल, एवढा त्यांना आनंद झाला होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी आम्ही रक्त तपासायला गेलो तर त्या वॉर्डाच्या दारात उभ्या. ओढणी चुरगळलेली, डोळे सुजलेले. करनैल सिंगांना घरी गेल्यावर चौथ्या दिवशी तोंड आलं, मग जुलाब सुरू झाले ते थांबेचनात. इस्पितळात आणायचं तर त्यांच्या भागात गोळीबार होऊन कर्फ्यू लागलेला. दोन दिवस तसेच घरात. तिसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीत घालून आणलं होतं. आत ते पडले होते ते मी दारातून पाहिलं. ओठांवर काळी खपली, डोळे खोल गेलेले. पगडी नव्हती, केस उशीवर पसरले होते, आणि तसं त्यांना परक्या बाईने पाहू नये असं वाटून मी नजर वळवली.

बलबीर कौरनी मला विचारलं, “भैनजी, तुहाडे साब नूं वी ऐंज होया सी?” तुमच्या साहेबांनाही असंच झालं होतं का?

मी म्हटलं, “नहीं.”

इतकं स्पष्ट आणि इतकं पटकन. त्यांच्या तोंडाकडे बघून. आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन, पण त्या एका शब्दाची आठवण आली की आजही मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

त्या खाली बसल्या, भिंतीला टेकून. म्हणाल्या, मग माझ्याच हातून काहीतरी झालं. त्यांनी नवऱ्याला मक्याची रोटी ताकात कुस्करून दिली होती. आजारी माणसाला त्याच्या आवडीचं द्यावं म्हणून. दीर म्हणत होता, तूच तोंड सोललंस त्याचं, तूच पोट बिघडवलंस. सासूने दोन दिवस त्यांच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. “डॉक्टर दी दवाई तां ठीक सी. तुहाडे साब नूं कुछ नहीं होया.” तुमच्या साहेबांना काही झालं नाही, म्हणजे औषध चांगलंच होतं. खोट माझ्यात.

मी घरी आले, स्वयंपाक केला, ह्यांना चमच्याने पेज भरवली. त्यांच्या तोंडात तिसऱ्या खेपेचे फोड होते. पेज ओघळली ती पुसता पुसता मला हुंदका आला. त्यांना वाटलं, त्यांचे हाल बघून रडते आहे. त्यांनी माझ्या मनगटावर थोपटलं. मी त्यांना सगळं सांगितलं. करनैल सिंग, कर्फ्यू, दुधाची गाडी, माझं ते ‘नहीं’.

त्यांनी माझ्या हातातला चमचा काढून वाटीत ठेवला. मग म्हणाले, “विमानात बिघाड लपवला असता, तर मी त्या माणसाला फाडून खाल्लं असतं.” थांबून पुन्हा म्हणाले, “जा. सांगून ये.”

“तुमचं औषध बंद करतील.”

“जा म्हणतो ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिले. वही पुढे ढकलून म्हटलं, “मॅडम, इसमें सब झूठ है.” त्या मला रागावतील, हाकलतील, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं, एकदाचं सुटले असते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि एवढंच म्हणाल्या, “हे माहीत असतं तर मी करनैल सिंगांना ही मात्रा दिली नसती.” आणि थोड्या वेळाने, “मैंने भी तीन हफ्ते तक इनका मुँह नहीं देखा. देखना चाहिए था.” चूक माझी होती आणि त्या त्यातला वाटा उचलत होत्या, हे मला जास्त लागलं.

मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि पेन दिलं. “फाडायचं नाही, खोडायचं नाही. चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ ओढा, तो वाचता आला पाहिजे. शेजारी खरं लिहा आणि सही करा.” त्यांच्या कामात तशीच पद्धत असते. दोन तास मी ते करत होते. एकेका निलवर एक रेघ, बाजूला आठ जुलाब, बाजूला ताप एकशे एक, बाजूला पाणी गिळता येत नाही, आणि प्रत्येकापाशी माझी सही. आठवत नव्हतं तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहायला लावलं. खोटं पुसून टाकता येत नाही, ते तिथेच राहतं आणि त्याच्या शेजारी खरं लिहावं लागतं, हे मी त्या टेबलावर शिकले. मात्रा वाढवणं त्याच दिवशी थांबलं. पुढच्या माणसांना आमच्याहूनही कमी मात्रा ठरली.

राहिल्या बलबीर कौर. डॉक्टरांना सांगणं त्यामानाने सोपं होतं. त्यांना सांगायला मी बारा दिवस लावले. रोज ठरवायची आणि इस्पितळात गेले की वॉर्डाच्या अलीकडूनच मागे फिरायची. करनैल सिंग त्यातून वाचले. सलाइनवर, थेंबाथेंबाने. पण पुढचं औषध नको म्हणाले, घरी जायचं म्हणाले. ते निघायच्या सकाळी व्हरांड्यात त्या सामान बांधत होत्या तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. आमच्या ह्यांनाही तसंच झालं होतं. पहिल्यापासून. मी लपवलं. तुमच्या रोटीने काही झालेलं नाही.

त्यांना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला लिहिता येणार नाही. मी पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या. माफीचा शब्द मी काढला तो त्यांनी ऐकलाच नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, शेतात काम केलेल्या हाताने, आणि ओढलं.

“चल. मेरे देवर नूं दस्स.” माझ्या दिराला सांग.

दीर फाटकाकडे गाडी बघायला गेला होता. त्यांनी मला सगळा व्हरांडा, मग जिना, मग ओपीडीची रांग, असं ओढत नेलं. लोक बघत होते. फाटकापाशी दीर होता, आणखी दोन पाहुणे होते, खुर्चीवर करनैल सिंग होते, आणि माझा डबा तपासणारा तो शिपाईही होता. तिथे उभं करून त्या म्हणाल्या, आता बोल.

मी बोलले. पुरुषांसमोर, उन्हात, मोठ्याने. दीर म्हणाला, ऐकू आलं नाही, तर पुन्हा बोलले. “इनका कोई कसूर नहीं है. दवाई से हुआ. हमारे साब को भी हुआ था. मैंने झूठ लिखा.” दीराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा भावजयीकडे, आणि मग मान खाली घातली. करनैल सिंगांनी डोळे मिटून घेतले होते. बलबीर कौरनी माझं मनगट सोडलं, ओढणी डोक्यावरून नीट घेतली, नवऱ्याला आधार देऊन गाडीत बसवलं आणि शेजारी बसल्या. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. त्यांनी मला माफ केलं असं मी कुणाला सांगत नाही, कारण त्यांनी केलेलं नाही. त्या गेल्या त्या गेल्याच.

ह्यांचं औषध बंद झालं ते माझ्या वहीमुळे नव्हे. गाठी वाढल्याच होत्या, रक्तातला आकडाही चढलेलाच होता. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं लपवलं ते औषध त्यांना लागूच पडत नव्हतं. पुढे ते अडीच महिने होते.

तुमच्या घरी कधी अशी वही आली, किंवा डॉक्टरांनी नुसतंच विचारलं की कसं वाटतंय, तर आपल्या माणसाला चांगलं दाखवायची घाई करू नका. मला वाटायचं, मी वहीत फक्त आमच्या घरचं लिहिते आहे. तिकडे बटाल्यापलीकडे एका बाईच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत की त्यांनी मला ते माझ्या हाताने दुरुस्त करू दिलं, आणि त्यानंतरही ह्यांच्या काळजीत काही कमी केलं नाही.

शेवटच्या महिन्यात हे इस्पितळातच होते. एका दुपारी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “कैसे हैं वॉरंट साब?” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं कुठल्या कार्यक्रमात एमओने तब्येत विचारली की ते असेच माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायची, एकदम फिट. या वेळी मी काहीच बोलले नाही. पलंगाची दांडी धरून उभी राहिले.

त्यांनी मान डॉक्टरीणबाईंकडे वळवली. मग म्हणाले, “दुखतंय.” मराठीतच म्हणाले. “लई दुखतंय. सहन होत नाही.”

“बहुत दर्द है इन्हें,” मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. “कब से है, वो भी बताती हूँ.” त्यांनी सगळं लिहून घेतलं, मॉर्फिनचं इंजेक्शन आणवलं आणि ते देईपर्यंत स्वतः थांबल्या.

अर्ध्या तासाने ह्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. कित्येक आठवड्यांनी ते पाय पसरून, तोंड किंचित उघडं टाकून झोपले. मी स्टूल ओढून शेजारी बसले. दर थोड्या वेळाने नर्स येऊन विचारून जायची आणि जे असेल ते मी सांगत होते.